पत्ता

पहिल्या दिवशी नवे बूट घालून गेले,
तळाला किमतीचा कागद चिकटलेला.
दस्तगीरमामांनी आधी तो नखानं खरवडला,
मग नाडी सोडून पुन्हा बांधली.
"टाचंला घट्ट, बोटास्नी सैल.
पळताना बोटं पसरत्यात, जागा लागती त्यास्नी."

छत्तीस वर्षं पेठांतून टपाल वाटलं त्यांनी,
सायकल बिघडली की पायी,
आणि त्यांचं पायी म्हणजे पळतच.
खात्याच्या शर्यतीतले दोन कप आहेत घरी,
एकात चष्मा असतो, एकात लसूण.

मी बेचाळिशीची, सहकारी बँकेत कॅशला.
रंकाळ्याच्या कडेनं शंभर पावलं पळाले
आणि गुडघे धरून वाकले.
"कोन मागं लागलंय काय?
हळू. त्येच्यापेक्षा हळू.
म्हशी फुडं गेल्या तरी चालतंय."
म्हशी पुढे गेल्या.

"मूठ सोड, नोटा मोजाय न्हाई आलीस.
बत्तासा धरलाय समज,
फुटाय नको, पडाय नको.
आनी खांदं कानाला कशाला?
डाक वाटून झाली, पिशवी रिकामी हाय."

मग म्हणाले, "पळत पळत पत्ता म्हन, आख्खा.
नाव, घर नंबर, गल्ली, पेठ, पिन.
मधी दम तुटला तर पाय जास्त झालं."

पहिला आठवडा नावावरच संपला.
पुढं कधीतरी मंगळवार पेठ आली,
पिनच्या तिसऱ्या आकड्याला खोकला.
"अर्धवट पत्त्याचं पत्र माघारी येतंय.
तूबी माघारी फिर. चालत."

टेंबलाईच्या चढाला:
"वर बगू नको. चार पावलांफुडचा खडा बग.
चढ काय पळून जात न्हाई."

बुधवारी पळायचं नाही हा नियम.
एका बुधवारी चोरून पळाले,
गुरुवारी नडगी ठणकली.
मामांनी काही विचारलं नाही,
माझ्या बुटांवरचा वाळलेला चिखल बघितला फक्त,
आणि घरी पाठवलं.

आता त्यांचा गुडघा धरतो.
संध्यामठाजवळच्या बाकावर बसतात,
मांडीवर माझ्या किल्ल्या, माझी बाटली.

आज पलीकडच्या काठाला धुकं होतं.
बाक दिसत नव्हता.
मी पत्ता म्हणायला लागले
आणि तोंडातून आजरा आलं.
वडिलांचं नाव लावलेली मी,
मारुतीच्या मागची बोळ, फणसाशेजारचं घर.
ते विकून एकोणीस वर्षं झाली.
पिनसुद्धा आला, सहाच्या सहा आकडे,
कुठं धाप नाही.
थांबावंसं वाटलं. थांबले नाही.

बाकापाशी येऊन सगळं सांगितलं.
मामांनी बाटलीचं टोपण फिरवलं.
"घोट घोट. गटागटा न्हाई."
नंतर बराच वेळ पाण्याकडं बघत राहिले.
छत्तीस वर्षांत कितीतरी पत्रं
अशा घरांना नेली असतील,
मी विचारलं नाही.
किल्ल्या हातात देत म्हणाले,
"उद्या बुधवार हाय. झोप."