निळीचा थर

मोकल काकांनी पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं:
पाण्यात पावडर. पावडरीत पाणी नाही.
मी वहीत लिहिलं, खाली दोनदा रेघ मारली
आणि तिसऱ्याच दिवशी उलटं करून बसले.
घमेल्यात गाठी, गाठींच्या पोटात कोरडी धूळ,
आणि अख्खा वर्ग माझ्याकडे न बघण्यात गुंतलेला.

आता चाळणीसारखी बोटं हलवते पाण्यावर.
पावडर आधी बुडत जाते, मग बुडायची थांबते,
मधोमध एक बेट उरतं,
कडेकडेने ओलं होणारं,
ऐरोलीच्या पुलावरून भरतीला दिसतं तसं.
तेव्हा हात घालायचा. तळातून. सावकाश.
बुडबुडा राहिला तर तो तोंडावरच येणार, काका म्हणतात,
मानेमागे येईल इतका तो भला नसतो.

बारावीपर्यंत माझ्याकडे फक्त पेन्सिल होती.
चुकलं की खोडायचं,
खोडल्याची खूण राहिली की तिथे सावली टाकायची.
एलिमेंटरीला ए, इंटरमीजिएटला ए,
आत्याने दोन्ही सर्टिफिकिटं ग्रुपवर टाकलेली.
इथे सावली टाकता येत नाही.
पडते आपली आपण,
आणि कुठे पडायची ते
रबाळ्याच्या शेडमधली एक ट्यूबलाइट ठरवते.

प्लास्टर घट्ट होताना तापतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
साच्यावर तळहात ठेवला आणि दचकले,
धाकट्याच्या कपाळावर ठेवून दचकते तशी.
सोड, काका म्हणाले, त्याचं त्याला करू दे.
वीस मिनिटं बाहेर उभी राहिले,
समोरच्या कारखान्यात ट्रक मागे घेत होते,
येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बस.

पहिलं डोकं कॅन्टीनच्या हौसाबाईंचं.
शाडूत दोन आठवडे,
मग साचा, मग शाडू उकरून आत साबणाचा हात,
मग त्या पोकळीत नवं प्लास्टर,
आणि मग छिन्नी.
साचा पांढरा, हौसाबाई पांढऱ्या.
साचा कुठे संपतो आणि बाई कुठे सुरू होते
हे छिन्नीला कळत नाही, मलाही कळलं नाही.
खपली निघाली ती नाक घेऊनच.

हौसाबाई चहाची किटली घेऊन आलेल्या.
अगं, नाक कापलंस की माझं चारचौघांत!
हसून हसून किटली खाली ठेवावी लागली.
मग डोळे पुसत म्हणाल्या,
पुन्हा बसायचे पैसे वेगळे.

काकांनी विचारलं, निळीचा थर दिला नव्हतास?
साच्याचा पहिला हात, नखाएवढा जाड,
त्यात थोडी नीळ कालवायची.
बाहेरून फोडत येताना
निळं दिसलं की समजायचं, माणूस जवळ आलं.
इतकंच. तीस वर्षं ते दुसऱ्यांचे साचे फोडतायत,
त्यांचं स्वतःचं एकही डोकं त्या शेडमध्ये नाही.
मी विचारलं नाही. का, ते माहीत नाही.

नीळ घरच्या मोरीतून उचलली.
दोन दिवसांनी घणसोलीत आईचा आवाज:
पोराच्या शर्टाची नीळ कुणी प्यायलं का?

दुसऱ्या वेळी पांढऱ्याखाली
गणवेशाच्या कॉलरचं ते फिकट निळं आलं
आणि माझा हात आपोआप हलका झाला.
हातोडी ठेवली. पुढचं अंगठ्याच्या नखाने,
उकडलेल्या अंड्याचं सोलतात तसं.
कपाळ. भुवई. नाक, शाबूत,
डाव्या नाकपुडीवर मात्र एक बारीक भोक.

हौसाबाई बराच वेळ बघत राहिल्या.
मग त्या भोकावर बोट ठेवून हळूच म्हणाल्या,
चमकी होती इथे, तुला कशी कळली?
कोपरखैरण्याच्या खोलीच्या डिपॉझिटात गेली ती,
तू तेव्हा जन्मलीही नसशील.

बुडबुडा आहे, हे मी बोलले नाही.
काकाही बोलले नाहीत,
पाठ करून घमेलं घासत राहिले.

पुढच्या महिन्यात मेण.
मेण सगळं ऐकतं, काका म्हणतात, म्हणून जास्त जपायचं.
माझ्या नखांतलं निळं अजून जात नाही.
आईने नवी बाटली आणलीय,
मोरीत नाही, वरच्या फळीवर ठेवलीय,
स्वतःला स्टूल लागेल
आणि माझा हात पोचेल, अशा बेताने.