काळी दोन

कॅम्पातल्या थेटरात, रविवारी सकाळच्या खेळाला
आम्ही एक इंग्रजी सिनेमा पाहिला.
नायिकेचा पाय मुरगळतो
आणि मागच्या रांगेतली पोरगी
पिसांचा झगा सावरत जिना उतरते, नाचत.
‘असं कुठे असतं का?’ मी म्हटलं.
मोरेश्वर खारे दाणे सोलत होता.
‘असेल,’ म्हणाला.

मार्गशीर्षात इंदुमतीबाईंचा घसा बसला.
तिसरी घंटा.
त्यांचा शालू माझ्या कमरेला
सहा टाचण्यांनी बसवलेला.
समोर सदाशिव पेठ,
चुकलेला सूर घरी नेऊन तपासणारी.

बाई काळी चारमध्ये गायच्या.
माझा गळा तिथवर जात नाही
हे मी कुणालाच बोलले नव्हते.

पडदा सरकला. ऑर्गननं सूर धरला:
काळी दोन.
त्यानं मान वर केली नाही.

‘कसं कळलं तुला?’
‘विंगेत इस्त्री करताना गुणगुणतेस ना,’
म्हणाला, आणि झाकण लावलं.

जिना नव्हता, पिसं नव्हती.
टिळक रोडनं चालत आलो,
मधे त्याची सायकल, तिची चेन पडलेली.
एक टाचणी कमरेत राहिली होती.
टोचत होती.
घर येईपर्यंत काढली नाही मी.