समाहीजचा मुदपाकखाना

राज्य, असं मी वहीत लिहिलं
आणि मग खोडलं.
राजाचं एक नाणं निघालं नाही इथे,
सिंहासन नाही, तलवारीचं पातं नाही.
निघाली एक चूल. तिच्या शेजारी दुसरी.
मग भिंत, मग तिसरी चूल,
आणि राखेचे थर,
बरणीत लोणचं मुरावं तसे दबून बसलेले.

वर कबरस्तान, मधे पडकी मशीद,
तिच्या पायाखाली हे.
हाजी मक्की रोज काठी टेकत येतो,
खड्ड्याच्या कडेला बूड टेकतो, म्हणतो,
पलीकडच्या गावाचं नाव दैर,
दैर म्हणजे मठ, हे पोरालाही ठाऊक.
पण कुणाचा मठ, हे कुणी विचारलं नाही.
नावाला कोण विचारतं?
हाक मारली की ते ओ देतं, पुरे.

एका खापरावर शाईची अडीच अक्षरं होती.
त्यांचा मी यझदीन केला,
आणि यझदीनला स्वयंपाकी.
पुराव्यात हे बसत नाही, माहीत आहे.
पण कुणीतरी चूल पेटवलीच असणार.

तर यझदीनच्या आज्याच्या वेळी
तीन बेटांवर बिशपचा शब्द चाले.
मोत्यांच्या होड्या लागल्या की पहिली मूठ त्याची.
समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे होते,
पाणके पखाल घेऊन बुडी मारत
आणि खारटातून गोडं वर आणत;
तेही आधी त्याच्या माठात.
छपराला साग आला आमच्या कल्याणहून,
खाडीतून, भरतीवर.
(तुळईचा कोळसा झालाय. मी तो हुंगून पाहिला.
कुणी बघत नव्हतं.)

नदीकाठच्या मोठ्या धर्मगुरूचं पत्र आलं:
आमची आज्ञा पाळा.
बिशपने ते न फोडताच मुदपाकखान्यात धाडलं.
यझदीनच्या बापाने
ताकाच्या मडक्यावर दादरा म्हणून बांधलं.
त्या दिवशी राज्य सगळ्यात उंच होतं,
असं मला वाटतं.

उतरताना आवाज झाला नाही.
जळालेलं दार नाही, बाणाचं टोक नाही,
मी तळहाताएवढी जागासुद्धा चाळून पाहिली.
नुसती हाडं आहेत, ती मी मोजते.
हामूर, शेरी, साफी. शेळी.
आणि खालच्या थरात डुक्कर, भरपूर.
वर येता येता ते कमी होतं,
बोटांवर येतं,
शेवटच्या राखेत एकच दात.
फर्मान नसेल निघालं.
शेजारी जेवायला येत असतील.
त्यांना जे चालत नाही
ते आधी त्यांच्या पानात वाढायचं नाही,
मग त्यांच्यासमोर शिजवायचं नाही,
मग आपल्यालाच त्याचा वास येईनासा होतो.

काही वर्षं दोन्ही हाका होत्या म्हणे,
म्हणे म्हणजे मीच म्हणते:
पहाटे लाकडी फळीवरचे ठोके,
आणि तोच वारा थोडा वळला की दुसरी बांग.
मग फळी वाजवणाऱ्याचे गुडघे गेले.
मुलगा मोत्यांवर होता, परतला तो लग्न करून.
नातवाचं नाव निराळं, नाक तेच.
एका सकाळी चूल पेटली नाही,
आणि कुणाला भूकही लागली नाही,
कारण सगळे आपापल्या घरी जेवले होते.

आज दुपारी हाजीने डबा आणला.
भात, शेरी, वाळलेलं लिंबू.
झरे आटले, तो म्हणाला, माझ्या देखत.
मग चाळणीतला तो दात उचलला,
उन्हात धरला.
माणसाचा?
नाही, म्हटलं.
पुढचं तो विचारेल म्हणून मी
पिशवीवर नंबर घालत राहिले, दोनदा तोच.
त्याने विचारलं नाही.
फुंकर मारून माती उडवली,
जुना आहे, म्हणाला,
आणि दोन्ही हातांनी परत दिला.