सुई

पुंता अरेनासच्या धक्क्यावर ओस्वाल्दो मिमिका
जहाजांची होकायंत्रं दुरुस्त करतो.
सुई भरकटली की आधी तो खिसे चाचपायला सांगतो:
चावी, चाकू, कुणी विसरलेला पान्हा.
लोखंड बाजूला झालं
की सुई आपसूक ताळ्यावर येते.

मिलेन्का एकोणीस महिन्यांची असताना
तिचे डोळे नाचायला लागले.
वर, तिरके, पुन्हा वर,
जणू खोलीभर माशा आहेत आणि तिला एकटीलाच दिसतायत.
चालती पोर रांगायला लागली,
मग बसली की कलंडायची.
कुणी म्हणालं कान, कुणी म्हणालं ताप डोक्यात गेला.
शेजारीण म्हणाली, वारा लागला,
इथला वारा झाडांनासुद्धा सरळ वाढू देत नाही.

सांतियागोत डॉक्टर उर्सुआंनी फिल्मवर बोट टेकवलं:
मूत्रपिंडाच्या माथ्यावर, जर्दाळूच्या बीएवढी गाठ.
ओस्वाल्दोला बरं वाटलं.
हे त्यानं ग्रिसेल्दाला अजून सांगितलेलं नाही.
लोखंड सापडलं होतं.

गाठ काढली.
डोळे नाचतच राहिले.

डॉक्टरांनी पाठकोऱ्या कागदावर चित्र काढलं:
गाठीशी लढायला शरीरानं जी फौज उभी केली
तिला आता मेंदूतही तोच चेहरा दिसतो.
लढाई संपल्याचं
तिला कुणी कळवलेलं नाही.

आता फ्रिजमध्ये लोण्याशेजारी इंजेक्शनं.
दिवसाआड, मांडीत. ग्रिसेल्दा पाय धरते.
तीस वर्षं सुया जोखलेला हात
या एका सुईला कापतो.
औषधानं तोंड सुजून गोल,
भूक अशी की रात्री तीनला पाव हवा,
राग असा की तोच पाव भिंतीवर.
महिन्याला एक विमान, दिवसभर थेंब थेंब सलाईन,
परतताना तिघंही गप्प.

काल दुकानात ती फरशीवर बसली होती, भिंतीला टेकून.
हातात एका मोडीत निघालेल्या बोटीचं होकायंत्र.
सुई डुलत होती आणि ती बघत होती.
ओस्वाल्दो हातातलं काम सोडून मोजत राहिला.
सातापर्यंत डोळे जागचे हलले नाहीत.
आठाला उडाले.
मग तिनं होकायंत्र फेकून दिलं. काच शाबूत.

एका साध्या तापानंही सगळं परत उसळू शकतं,
डॉक्टरांनी बजावून ठेवलंय.
तरी बोटींच्या वहीत, जिथं तो प्रत्येकीचा फरक अंशांत टिपतो,
शेवटच्या ओळीखाली त्यानं लिहिलं:
मिलेन्का, सात.
पेन्सिलनं.