आणि

पहिली कंपनी पणजीची.
जाड फाईल, तीन रंगांची पॅकेजं,
माझ्यासाठी सोनेरी: रोज सहा तास.
त्यांनी आईला विचारलं, ह्यांना गिळायला त्रास होतो का?
आईनं माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, फक्त शिळं सांदण असलं तर.
कुणी हसलं नाही. फॉर्मवर लिहिलं: होतो.

दुसरी म्हापशाची. बाई बऱ्या होत्या, खोटं कशाला सांगू.
देवघर पाहून चपला नीट लावून ठेवल्या.
पण चवथीला दर दुप्पट, तेही माणूस मिळालं तर.
मी विचारलं, माटोळी बांधताना मला खाली,
अगदी मधोमध बसवाल का?
कांगलं आणि आंबाडे खालून मोजतो मी, लहानपणापासून.
त्या म्हणाल्या, हे सेवेत बसत नाही, विचारून सांगते.

त्यांच्याबरोबरच्या पोरानं प्रात्यक्षिक म्हणून मला उचललं.
एक. दोन. तीन.
तीनवर उचलतात, हे मला ठाऊकच नव्हतं.
आई म्हणते, एक, दोन, आणि...
त्या 'आणि'वर मी वर असतो.
एकेचाळीस वर्षांत आमच्या घरात तीन आलाच नाही.
दोननंतर माझी मान तयार होती. तो थांबला.
मान सैल पडली, मग त्यानं उचललं.
फार दुखलं नाही.
पिठाची गोणी कशी उचलतात, ते मात्र आतून कळलं.

आईच्या मणक्याचा फोटो बांबोळीला काढला होता.
डॉक्टर म्हणाले, पोराला उचलणं आजपासून बंद.
पोर अडुसष्ट किलोचं, पानशी प्रूफांवर जगणारं,
दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घात रात्री घालवणारं.
साखळीच्या बसमध्ये ती पूर्ण वाट काही बोलली नाही.
घरी आल्यावर एक्स-रे उजेडाला धरून म्हणाली,
हे बघ, इथं तू आहेस.

तिसरी आली चाळीस मिनिटं उशिरा, स्कूटरवर, कुडण्याहून.
एस्पेरांसा. फाईल नाही.
ती, तिची बहीण आणि नावेलीचा एक विधुर, एवढीच संस्था.
उभ्यानं बोलली नाही; सोप्यावर टेकली,
तिचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर येईपर्यंत सरकत राहिली,
मग म्हणाली, तुका कशें जाय?
तुका. आईला नव्हे.

मला उत्तर सुचलं नाही. म्हणून उलटतपासणी घेतली.
रविवारी? मीस संपल्याशिवाय नाही, दहा वाजतील.
मी चिडलो तर? मीही चिडते.
सोडून जाल?
गेले तर सांगून जाईन. महिनाभर आधी.
हे वाक्य मी दोनदा वाचल्यासारखं ऐकलं,
एकही चूक सापडली नाही.
दोन दिवस द्या म्हटलं.
ती म्हणाली, घे, पण गुरुवारपर्यंत कळव,
पाळीला दुसरं एक घर थांबलंय.

आई म्हणाली, उशिरा येणारी बाई. म्हापशाची टापटीप होती.
मामा म्हणाला, सोनेरीत विमा आहे.
दोघांचंही बरोबर होतं. मी बुधवारी रात्री फोन केला.

पहिल्या सकाळी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.
खवणीचा आवाज नुसता, नारळ संपला तरी चालू.
एस्पेरांसानं काखेत हात घातले, जरा वरच.
खाली घ्या, म्हटलं. घेतले.
कांद्याचा वास होता हातांना.
एक, ती म्हणाली. दोन.
आणि खवणी थांबली.

आत कुणी काही बोललं नाही.
मी वाट पाहिली. मग माझ्याच तोंडातून आलं,
आणि.

वर गेल्यावर तिनं विचारलं, आता खंय?
मी म्हटलं, खिडकीकडे. नाही, थांबा.
आधी आत, आईला दिसेन असा.