चार सेकंद

दोन्या ओर्तेन्सिया लिमाहून येते
पैसे साठतील त्या साली.
खेचराच्या डाव्या अंगाला तिची लाकडी पेटी,
उजव्या अंगाला तोल राखायला बटाटे.
बटाटे खाऊन कमी होतात तसतसे
मी पोत्यात दगड भरत जातो.

खिंडीत तीन रात्री ढग.
तिच्याकडे आठच फिल्म, वहीच्या पानाएवढ्या.
एकीची किंमत माझी दोन दिवसांची मजुरी,
हे तिनेच सांगितलं,
मग जरा ओशाळली.

चौथ्या पहाटे आभाळ धुतल्यासारखं.
तिने तिकाटणं रोवलं, भाता ताणला,
काळ्या फडक्याखाली शिरली आणि बराच वेळ
नुसते तिचे बूट दिसत राहिले.
मग म्हणाली, फाउस्तिनो, ये, बघ.

आत लोकरीचा वास, खोकल्याच्या गोळ्यांचा वास.
दुधी काचेवर आमचा अपू,
वटवाघळासारखा उलटा लटकलेला.
ज्याच्याकडे बोट दाखवायचं नाही असं आई सांगायची
तो वीतभर काचेत.
मी नकळत खाली ओंजळ धरली,
बर्फ सांडेल म्हणून.
ती हसली नाही.

तिने वहीतून एक जुनी निगेटिव्ह काढली,
उजळत्या आभाळासमोर धरली.
बर्फ काळाकुट्ट,
आणि एका शिळेपाशी तिळाएवढा पांढरा माणूस.
"तुझे वडील. डोंगर केवढा ते कळावं
म्हणून उभं केलं होतं.
चार सेकंद हलू नका म्हटलं होतं."

भिंगातून पाहिलं.
खेचराला चार कान.
बा मात्र एकच, खिळल्यासारखा,
जो जेवतानाही कधी स्वस्थ बसला नाही.
काळ्या बर्फाची कड
त्याच्या गुडघ्याला टेकलेली.

शिळा सापडली.
भोवती गवत, मेंढ्यांच्या लेंड्या.
बर्फ कुठे आहे ते बघायला
मान वर करावी लागली, मग आणखी वर.
दोन्या हवेत बोटांनी मोजत होती, लिहीत होती,
मग लिहायची थांबली.

लांबून तिने हात वर केला.
मी कासरा आखडून धरला.
एक.
वारा पडलेला.
दोन.
बा कसला विचार करत असेल?
बहुतेक कोकाच्या पानांचा, संपली होती का.
तीन.
माझा गुडघा गार पडला.
दव असेल.
चार झाले तरी मी हललो नाही.
खेचराने मान झटकली,
आत की नंतर, ठाऊक नाही.

फिल्मवर झाकण सरकवत ती ओरडली,
झालं, सोड श्वास!

उतरताना बटाटे संपले होते.
तोल राखायला मी
त्या शिळेपाशीचेच दगड भरले.