ढब्बू

रामबागेत, मुळ्यांच्या स्टेशनरीच्या मागच्या खोलीत
दोनशेपानी वह्यांच्या गठ्ठ्यावर
आमचा सातवा नोड.
बाकीचे सहा ठीक आहेत: सुदामानगर, लोकमान्यनगर,
छावणीतला धान्यवाला, पतपेढी, आणि दोन घरं.
हा एकटाच ४१,२०७ च्या पुढे
भलतंच काही सांगतोय.

नाण्याचं नाव ढब्बू मीच ठेवलं, गमतीत.
आता झोकरकरबाई पतपेढीच्या सभेत
ते गंभीर चेहऱ्यानं उच्चारतात.

रात्रीचे साडेअकरा. शटर अर्धं खाली.
"चालू तर आहे की हो," मुळ्ये म्हणतात,
"हिरवा दिवा बघा ना."
खरंय. दिवा हिरवा, पंखा घुमतोय,
डिस्क भरत चाललीय.
फक्त लॉगमधली एक ओळ,
दर दहा सेकंदांनी तीच:
पीअर शून्य.

केबल काढून पुन्हा लावली. घड्याळ बरोबर.
मग पहिल्या ब्लॉकचा हॅश मी मोठ्यानं वाचला,
फोनवर पलीकडून शर्वाणी वाचत गेली,
चौसष्ट अक्षरं,
लग्नपत्रिकेतली नावं तपासावीत तशी.
जुळला.
४१,२०७ सुद्धा जुळला.
४१,२०८ मात्र ह्याचा वेगळा, त्यांचा वेगळा.

"मध्ये कोणी आलं होतं का?"
मुळ्ये डोकं खाजवतात.
कनेक्शनवाला पोरगा. जुना राउटर घेऊन गेला,
नवा लावून गेला, "फ्री में है अंकल."

पत्ता बदलला.
बाकी सहांच्या यादीत जुनाच.
नऊ दिवस हा हाका मारत होता
आणि ते अनोळखी समजून दार लावून घेत होते.

पण थांबला नाही बिचारा.
आपणच कोडं मांडलं, आपणच सोडवलं,
आपल्यालाच मोबदला दिला.
त्याच्या लेखी
तोच अख्खं नेटवर्क होता.

पुण्याचा माझा आतेभाऊ
मी "लाईट चालली गेली" म्हटलं की
अजून हसतो, चाळिशी उलटली तरी.
मीही हसतो त्याच्याबरोबर.
कुठल्या ब्लॉकपाशी फाटे फुटले
हे दोघांनीही कधी तपासलं नाही.

नियम मीच लिहिलेला आहे:
लांब साखळी खरी.
त्यांची ४३,९१२. ह्याची ४२,०३०.
ह्यात वाद घालण्यासारखं काही नाही.

तरी एंटर दाबण्याआधी
ह्याचे नऊ दिवस वाचून काढले.
सरजूला चहाचे दोन ढब्बू, रोज, रविवार सोडून.
कुण्या तारे आडनावाच्या मुलीनं घेतलेला कंपास.
एकदा रात्री पावणेतीनला
मुळ्यांनी मुळ्यांनाच पाठवलेला एक ढब्बू.
"ते काय?"
"झोप येत नव्हती. म्हटलं बघावं, पोचतं का."

दाबलं.
आकडे मागे पळत गेले, ४१,२०७ ला टेकले,
मग वर, धडाधड.
सरजूचा चहा, मुलीचा कंपास
पुन्हा रांगेत येऊन उभे राहिले.
एक व्यवहार बाद: चाळीस ढब्बू, दोनदा खर्च केलेले.
"गेले नाहीत वाटलं हो मला,
म्हणून मोबाईलवरून परत पाठवले."
ह्यानं एकट्यानं कमावलेलं
तेवढं बुडालं.
त्याची नोंद कुठेच राहत नाही.

"म्हणजे नऊ दिवस खोटेच का?"
मी उत्तर जुळवत होतो,
तेवढ्यात पंखा थांबला, गल्ली काळी झाली,
यूपीएस वाजायला लागला.

"लाईट चालली गेली," मुळ्ये म्हणाले.
"चालली गेली," मी म्हटलं.

अंधारात स्क्रीनवर:
पीअर सहा.